भिंतीला विचारा, सर

माझ्या लाटण्याचं एक टोक चेपलेलं आहे. सून म्हणते, "आई, टाका ना ते आता, पोळी एका बाजूला जाड राहते." मी टाकत नाही. ते टोक पोळ्या लाटून चेपलेलं नाही. टिपणीस सरांच्या वर्गातल्या मुलांना उत्तरं सांगून सांगून चेपलं आहे. हे सुनेला सांगायला गेले तर सगळंच सांगावं लागेल, आणि एका दमात तेवढं बोलणं मला कधी जमलं नाही. म्हणून वहीत लिहिते.

घाटकोपरला टेकडीच्या अंगाला आमची चाळ होती. तिथल्या एका मोठ्या खोलीत मालकाने मधोमध फळ्या ठोकल्या होत्या आणि एकाच्या दोन खोल्या केल्या होत्या. अलीकडे आम्ही, पलीकडे टिपणीस सर. फळ्यांच्या फटींतून त्यांच्याकडचा उजेड यायचा, उदबत्तीचा वास यायचा, आणि आवाज तर फळ्या नसल्यासारखाच यायचा.

सर दिवसा एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या खोलीत वर्ग भरायचा. बँकेत, कचेऱ्यांत कारकून भरती व्हायची, त्या परीक्षांना बसणारी मुलं-मुली यायची. अठरा जणं. खाटेवर सहा, जमिनीवर दहा आणि मोरीच्या कट्ट्यावर दोघं. मोरीवर बसणाऱ्याने सर्वांना पाणी द्यायचं असा नियम होता.

गणित, सामान्य ज्ञान वगैरे शिकवणारे घाटकोपरात पुष्कळ होते. सर एकच गोष्ट शिकवायचे. पेपरात एक उतारा येतो, त्याखाली प्रश्न असतात, आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो: लेखकाचा मुख्य हेतू काय? खाली चार पर्याय. अ, ब, क, ड. मुलं बाकीचे प्रश्न सोडवतात आणि इथे आपटतात. सर फक्त हाच प्रश्न शिकवायचे, आठवड्यातून सहा दिवस. उतारे बरेचसे इंग्रजीतले असत, पण सर आधी ते मराठीत सांगत. त्यामुळे चौथी झालेल्या मलाही कणीक मळता मळता कळायचे.

"लेखक काय बोलतो ते सोडा," सर म्हणायचे. "तो तोंड का उघडतो ते पकडा."

त्यांची एक लकब होती. प्रश्न आला की डाव्या हाताची चार बोटं वर करायची, अंगठा आत दुमडलेला. मग एकेक पर्याय बाद झाला की एकेक बोट मिटायचं. उरेल ते बोट म्हणजे उत्तर. हे फक्त वर्गात चालतं तर ठीक होतं. पण नळावर चालायचं, वाण्याकडे चालायचं. दूधवाला म्हणाला, "साहेब, उद्या दूध उशिरा येईल," की चार बोटं वर. माहिती देणे, क्षमा मागणे, इशारा देणे, की सहानुभूती मिळवणे? तीन बोटं मिटेपर्यंत दूधवाला तीन खोल्या पुढे गेलेला असायचा.

बारा महिने त्यांच्या काखेत काळी छत्री असे. ती उघडलेली मी पाहिली नव्हती. "उघडली की वाळवावी लागते," म्हणायचे.

त्यांचा दुसरा नियम फार कडक होता. "उताऱ्यात नाही ते मनातून आणायचं नाही. लेखकाने लिहिलं नाही म्हणजे नाही." चाळीतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेवर छापलं होतं, कृपया आहेर आणू नये. चाळीतला प्रत्येक जण काहीतरी घेऊन गेला, मीसुद्धा स्टीलचा डबा नेला. सर मोकळ्या हाताने गेले, जिलब्या खाल्ल्या आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "तुमच्या उताऱ्यात संदिग्ध काहीच नव्हतं. अभिनंदन." बाप पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. सरांना हे कळलं नाही. कारण न बोलणं हा उतारा नव्हता.

आणि म्हणूनच त्यांची बायको माहेरी होती. तीन वर्षं.

मालतीताई गेल्या त्यानंतर आम्ही तिथे राहायला आलो, पण त्या का गेल्या ते चाळीत सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्या म्हणायच्या, "मीठ संपलंय." सर चार बोटं वर करायचे. त्या म्हणायच्या, "ऊन काय आहे हो!" सर म्हणायचे, "हे विधान झालं. यामागे हेतू काय?" आणि छत्री काखेतच. एक दिवस त्या म्हणाल्या, "मी चार दिवस नानांकडे जाऊन येते." नाना म्हणजे त्यांचे वडील. कणकवलीच्या पुढे कुठेतरी गाव. सरांनी हे विधान जसंच्या तसं घेतलं आणि चार दिवस वाट पाहिली. मग तीन वर्षं पाहिली.

दर महिन्याला निळं आंतर्देशीय यायचं. ते आलं की त्या दिवशी वर्गाआधी सर एकटेच मोठ्याने वाचायचे. मला ऐकायचं नसे, पण फळ्यांना कान बंद करता येत नाहीत.

"इकडे सर्व क्षेम. नारळ यंदा बरे लागले. तांबडी गाय व्यायली, पाडी झाली. चारची गाडी हल्ली वेळेवर येते. तब्येत सांभाळावी."

वाचून झालं की सर पत्राची घडी घालत. मग म्हणत, "माहिती देणे," आणि आवाज इतका पडलेला असे, जणू स्वतःच नापास झाले आहेत. उत्तर तोंडाने म्हणत लिहीत, "पत्र मिळाले. माहिती नोंदवली. ये असे म्हणवत नाही, कारण तुझा विचार पत्रात स्पष्ट होत नाही." शेवटची ओळ मात्र ते खोडायचे. खोडताना टाक कागदावर कसा करकरतो ते मला ऐकू यायचं.

आता लाटण्याचं सांगते.

एका संध्याकाळी उतारा हत्तींवर होता. हत्तीचं वजन, हत्तीची सोंड, हत्ती किती खातो, आणि शेवटी दोन ओळी जंगलं तुटत चालल्याच्या. सगळा वर्ग म्हणाला, अ, माहिती देणे. परब नावाचा एक मुलगा होता, फार वात्रट, तो म्हणाला, "ड, सर. हत्तीची जाहिरात करणे." नेमकं तेव्हा आमच्या भिंतीवर झुरळ आलं. मी लाटण्याने तीन फटके मारले. ठक, ठक, ठक. झुरळ निसटलं.

पलीकडचं वाचन थांबलं. मग परब म्हणाला, "सर, भिंत क म्हणतेय."

सगळे हसले. सरांनी पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहिलं. क होतं. इशारा देणे.

सर भिंतीजवळ आले असावेत, कारण फटीतला उजेड गेला. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही कशावरून ओळखलंत?"

परक्या पुरुषाशी बोलायची सवय नाही, त्यातून पलीकडे अठरा जणं. झुरळ होतं हे सांगायलासुद्धा तोंड उघडावं लागणार. मी चूल पुसत बसले.

"पुढचा उतारा घेऊ," सर म्हणाले. "वहिनी, ऐका."

पुढचा उतारा एका माणसाचा होता. तो आपल्या गावच्या शाळेचं फार कौतुक करत होता आणि मधेच छप्पर गळतं असं सांगून पुन्हा कौतुक. माझा हात आपोआप उठला. ठक, ठक. ब, मदत मागणे. बरोबर निघालं. आमच्या गावचे लोक असेच बोलतात, त्यात काय अवघड होतं?

तेव्हापासून रोजचंच झालं. वर्गात वाद झाला की मुलं म्हणायची, "भिंतीला विचारा, सर." मला गंमत वाटायची. तोंड न उघडता बोलता येतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. सर म्हणायचे, "शिकलेला माणूस शब्दांत अडकतो. भिंत अडकत नाही." माझी उत्तरं कधी चुकायचीही. चुकलं की परब म्हणायचा, "आज भिंतीला ताप आहे वाटतं."

आमच्या ह्यांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ते विक्रोळीला कारखान्यात होते, पाळी बदलती. एकदा संध्याकाळी लवकर आले आणि चाळीच्या जिन्यातून ऐकलं. रात्रीच्या जेवणाला मला म्हणाले, "अगो, तो मास्तर भिंतीशी बोलता, आणि भिंत त्येका उत्तर देता. पिशाच आसा की काय? नारळ फोडूक होयो." मी मान खाली घालून भात वाढला. त्यांनी खरंच नारळ फोडला. भिंतीच्या पायाशीच. खोबरं मी सरांकडे पाठवलं.

सरांना सवय इतकी लागली की वर्ग नसतानाही ते पलीकडून मदत करायचे. एकदा हे जेवताना म्हणाले, "आज भाजी झकास झाली हां."

पलीकडून आवाज आला, "वहिनी, सावध! स्तुतीने सुरू होणारा उतारा. शेवटचं वाक्य येऊ द्या."

"ओ मास्तर, जेवू द्या ना जरा!" हे ओरडले. आणि मग पुढचा घास घेता घेता पुटपुटले, "दादा येतोय मे महिन्यात. पोराबाळांना घेऊन. दीड महिना."

पलीकडे सर हळूच म्हणाले, "ड. गळ घालणे."

असे ते जगाचा हेतू ओळखायचे. फक्त एका माणसाचा ओळखता येत नव्हता, आणि रोज अठरा मुलांना शिकवून झालं की ते त्याच निळ्या कागदासमोर बसायचे. शेवटी त्यांनी एक केलं, जे टिपणीस सरांशिवाय कोणाला सुचणार नाही. बायकोची पत्रं सराव परीक्षेत घातली.

स्टेशनजवळ सायक्लोस्टाईल करून देणारा एक होता. तिथून जांभळ्या शाईत प्रती काढून आणल्या. वर छापलं होतं, "पुढील उताऱ्यात एक गृहिणी आपल्या परिचितास लिहीत आहे." मुलांना वाटलं, कुठल्या तरी पुस्तकातला उतारा. दर महिन्याला एक पत्र, चार पर्याय. मुलं पटापट सोडवायची. माहिती देणे, माहिती देणे, अठराच्या अठरा. उताऱ्याला शीर्षक द्या, असाही एक प्रश्न असे. परबने एकदा दिलं, "नारळ, गाय आणि कंटाळा." सर त्या दिवशी लवकर वर्ग सोडून बसले.

मी या उताऱ्यांना कधी ठकठक केलं नाही. भिंतीला विचारलं की मी गप्प राहायची. मला उत्तर येत नव्हतं असं नाही. प्रत्येक पत्रात ती चारची गाडी, गावात येणारी एसटी, असायची. नारळ असोत नसोत, गाय असो नसो, गाडी असायचीच. चारची गाडी आज भरून आली. चारच्या गाडीला नवा ड्रायव्हर आहे. चारच्या गाडीतून कोणी उतरलं नाही. सर वर्गाला सांगायचे, "ही गाडी म्हणजे तपशील. तपशील म्हणजे आमिष, त्याला भुलू नका." आणि मी इकडे दात ओठ खायची. अहो, बाईमाणूस रोज चार वाजता ओटीवर उभी राहून गाडी कशाला बघेल? आमच्याकडे माहेरी गेलेली बाई आपण होऊन परत येत नाही. तिला आणायला जावं लागतं. नवरा जातो, निदान दीर जातो. कोणी गेलं नाही तर ती टाकलेली ठरते. हे कोणी लिहून ठेवत नाही, कारण हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण हे चार पर्यायांत नव्हतं, आणि माझ्याकडे चारच ठोके होते.

मुलांची परीक्षा दोन रविवारांवर आली होती. सरांनी शेवटचा सराव पेपर वाटला आणि उतारा वाचला.

"इकडे सर्व क्षेम. पाडी आता चरायला जाते. भावाच्या मुलाची मुंज वैशाखात ठरते आहे. माझी ट्रंक दाराशी होती, ती माळ्यावर टाकली. नाना बरे आहेत. तब्येत सांभाळावी."

मी पोळी अर्धी लाटून थांबले. गाडी नव्हती. मी मनात पुन्हा सगळं म्हणून पाहिलं. पाडी, मुंज, ट्रंक, नाना. गाडी नव्हती. आणि तीन वर्षं दाराशी ठेवलेली ट्रंक माळ्यावर गेली होती.

"अ," मुलं म्हणाली. "माहिती देणे."

"अ," सर म्हणाले. "भिंतीचं काय म्हणणं?"

मी लाटणं उचललं. ठक. ठक. ठक. ठक. ठक.

"पाच?" सर म्हणाले. "वहिनी, पर्याय चार आहेत."

मी पुन्हा पाच मारले, इतक्या जोरात की लाटण्याचं टोक पुरतं चेपलं आणि त्यांच्या बाजूचं कॅलेंडर खाली पडलं.

"भिंत पेटली," परब म्हणाला.

मग मी काय केलं ते मला आजही खरं वाटत नाही. डोक्यावरून पदर घेतला, बाहेर आले, आणि सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. हातात लाटणं, हाताला पीठ. अठरा तोंडं माझ्याकडे. मी जमिनीकडे बघून म्हणाले, "सर, त्यांना आणायला जा."

"असं उताऱ्यात कुठे आहे?" सरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"उताऱ्यात नाही," मी म्हणाले. "उताऱ्यात लिहिता आलं असतं तर नारळ आणि गाय कशाला लिहिली असती?"

सरांची चार बोटं वर गेली होती, ती तशीच राहिली.

"गाडी नाही यात," मी म्हणाले. "दर वेळी असायची. आता त्या गाडी बघत नाहीत."

परब उभा राहिला. "एक मिनिट. हे पत्र... सर, ही गृहिणी म्हणजे आपल्या बाई?" त्याचा चेहरा पांढरा पडला. "आणि मी शीर्षक काय दिलं! वाट लागली ना यार!"

सर खाटेच्या कडेला बसले. त्यांच्या मांडीवर अठरा जणांचे पेपर होते आणि प्रत्येकावर अ ला गोल केलेला. "पण मुलांची परीक्षा," ते म्हणाले. "दोन आठवडे राहिलेत. मी परत आल्यावर..."

मोरीवर बसणारी शैला म्हणून एक शांत मुलगी होती. ती म्हणाली, "तुम्ही जा हो सर. भिंत आहे ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे सर निघाले. काखेत छत्री, हातात पिशवी, पिशवीत सगळी पत्रं. माझ्या दाराबाहेर थांबून दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तिथे पोचल्यावर आधी क्षमा मागू, की परिस्थिती समजावून सांगू? की..."

मी आतून एकदाच ठक केलं. त्याचा अर्थ अ असा नव्हता. त्याचा अर्थ, जा एकदाचे.

पुढचे अकरा दिवस मी शिकवलं, असं म्हटलं तर लोक हसतील. खोलीची किल्ली परबकडे होती. मुलं साडेसहाला यायची, बसायची, परब सरांच्या जागी उभा राहून उतारा वाचायचा आणि भिंतीकडे वळून म्हणायचा, "बोला, मॅडम." मला आयुष्यात कोणी मॅडम म्हटलं ते तेवढे अकरा दिवस. हे एकदा घरी असताना वर्ग भरला, तेव्हा त्यांच्यासमोरच मी ठोके दिले. ते बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पिशाच तू?" मी मान हलवली. बराच वेळ विचार करून म्हणाले, "नारळ फुकट गेलो."

अकराव्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात एक बाई उभी राहिली. उंच, काळीसावळी, दमलेली, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"तूच गं ती भिंत?" त्या म्हणाल्या.

मालतीताईंनी मग माझ्या ओट्याशी बसून सगळं सांगितलं. पुलाच्या कामामुळे गावची गाडी महिनाभर बंद होती. सर फाट्यावर उतरून उन्हातून चालत आले, छत्री काखेत. अंगणात येऊन उभे राहिले. नानांनी विचारलं, "काय जावईबापू, कशाला येणं केलंत?" सरांनी चार बोटं वर केली. नाना बघतायत, भाऊ बघतोय, शेजारची मंडळी कुंपणावरून बघतायत. आणि सरांनी एकही बोट न मिटता हात खाली घेतला. म्हणाले, "पर्याय नाही. हिला न्यायला आलोय."

"बंद होती?" मी म्हणाले. "गाडी बंद होती?"

"मग! बंद गाडीचं काय लिहिणार?"

"आणि ट्रंक?"

"उंदीर झाले होते गं दाराशी. म्हणून वर टाकली."

म्हणजे माझं सगळं चुकलं होतं. उत्तर बरोबर, रीत चूक. मी चहा गाळत राहिले. मग वाटलं, खरंच उंदीर असतील का? की तीन वर्षं वाट पाहिलेली बाई परक्या दारात दुसरं काय सांगणार? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कपाकडे बघत होत्या. मी विचारलं नाही.

मुलांपैकी कितीतरी नोकरीला लागली. परबला बँकेत नोकरी मिळाली आणि तो पेढे घेऊन आला, तेव्हा आधी भिंतीला एक पेढा चिकटवून गेला. मुंग्या झाल्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सरांना अंबरनाथला दोन खोल्या मिळाल्या. सामान जाण्याचा दिवस होता. टेम्पो खाली उभा, मी गॅलरीतून बघत होते. खाट चढली, फळा चढला, ती ट्रंक चढली. ड्रायव्हर चहाला गेला होता आणि सर व मालतीताई रस्त्यावर उभे होते. सावली कुठे नव्हती.

मालतीताईंनी कपाळाला हात लावून वर पाहिलं. "ऊन काय आहे हो," त्या म्हणाल्या.

सरांचा डावा हात वर आला. चार बोटं. पहिलं बोट मिटलंसुद्धा. मग ते बायकोकडे बघत राहिले. हात खाली आला, आणि त्यांनी काखेतली छत्री काढली. ती उघडायला फार वेळ लागला. कळ गंजली होती, एक काडी तुटून लोंबत होती. ती त्यांनी मालतीताईंच्या डोक्यावर धरली, पूर्ण त्यांच्याच डोक्यावर, आणि स्वतः उन्हात उभे राहिले.